उभ्या गाडीला रेस का देतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवा लाल, पुढे सरकायला जागा नाही, गाडी जागच्या जागी उभी, आणि तरी 'भूम्... भूम्... भूम्' चालूच. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला हा निव्वळ माज वाटतो. मूठ पिळणाऱ्याला विचाराल तर त्याला बऱ्याचदा आपण काही करत होतो हेच आठवत नाही. मी वैतागणाऱ्यांतही होतो आणि पिळणाऱ्यांतही, म्हणून दोन्हीकडून येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

थोडक्यात सांगा, लोक असं का करतात?

कधी गाडीला गरज असते म्हणून, कधी मिरवायचं असतं म्हणून. पण बहुतेक वेळा हाताला सवय लागलेली असते म्हणून, असं माझं मत आहे. ही सवय रिकामटेकडेपणातून आलेली नाही. एके काळी रेस दिली नाही तर गाडी खरोखरच चौकात बंद पडायची. पुढे हवेत पेट्रोल मिसळून देणारा कार्ब्युरेटर गेला, थंड गाडी चालू करायला ओढायचा चोक गेला, गाडी स्वतःचं स्वतः सांभाळायला लागली, मनगट मात्र तेच राहिलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथे तर तो पीळ मुठीतच बसला आहे.

रेस दिल्यावर इंजिनात नेमकं काय होतं?

मूठ पिळली की हवेच्या वाटेतली झडप उघडते, हवा जास्त जाते, तिच्या मापाने पेट्रोल जास्त जातं आणि इंजिनाचे फेरे वाढतात. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबलेला असताना ही ताकद चाकापर्यंत पोचत नाही. इंजिनाला ओढायला काही ओझंच नसतं, म्हणून मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर गुरगुरणारं इंजिन डोळ्याचं पातं लवायच्या आत पाच-सहा हजारांवर जातं. चालत्या गाडीत फेरे इतक्या झपाट्याने चढत नाहीत, कारण तिथे सगळी गाडी आणि तिच्यावरचा माणूस ओढायचा असतो.

जुन्या गाड्यांना याची खरंच गरज होती का?

होती. यात काही बनाव नाही.

कार्ब्युरेटरच्या गाडीत मूठ सोडलेली असताना इंजिन एका छोट्याशा जेटवर जगत असतं. पायलट जेट किंवा स्लो जेट म्हणतात तो हाच. त्याचं भोक बहुधा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. पेट्रोलमधला बारीकसा कण तिथे अडकला, किंवा गाडी दोन-तीन महिने उभी राहून आत चिकट थर बसला, की आयडलिंग, म्हणजे मूठ सोडल्यावर मंद चालत राहणं, गेलंच म्हणून समजा. मूठ थोडी उघडी ठेवली तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने, सुई आणि मेन जेटमधून येतं आणि गाडी जिवंत राहते. म्हणजे कचरा एका जेटमध्ये आणि त्याचा भार उजव्या मनगटावर.

थंडीत आणखी एक अडचण. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते थेंबांच्या रूपात भिंतींना चिकटतं आणि जळायला कमी पडतं. म्हणून चोक ओढून मिश्रण दाट करायचं. चोक लवकर ढकलला तर गाडी बंद, विसरून ओढलेलाच ठेवला तर प्लग काळा. या दोन्हींच्या मधला काळ लोक मूठ हलकी हलकी पिळून काढायचे.

आणि दिवा! अनेक जुन्या गाड्यांत पुढचा दिवा बॅटरीवर नव्हे, थेट इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॉइलवर चालायचा. इंजिन मंद झालं की दिवा पिवळा पडून विझू विझू व्हायचा. अंधारात चौकात थांबलेला माणूस रेस देत होता तो समोरच्याला आपण दिसावं म्हणून.

टू-स्ट्रोक गाड्यांचं काही वेगळं होतं का?

त्यांची तर कथाच वेगळी. मी गाडी शिकलो ती टू-स्ट्रोकवर, त्यामुळे हा विषय निघाला की थोडं जास्त बोलतो.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल तळाशी साठलेलं असतं आणि पंप ते फिरवत राहतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत येतं आणि जळून निळ्या धुराच्या रूपात बाहेर जातं. आधी ते पेट्रोलमध्ये हाताने मिसळावं लागायचं. 1964 मध्ये यामाहाने ऑटोल्यूब ही पद्धत आणली, तिच्यात वेगळ्या टाकीतलं ऑइल एक पंप इंजिनाचा वेग आणि मुठीची स्थिती पाहून सोडतो. पद्धत कुठलीही असो, मंद चालणारं टू-स्ट्रोक इंजिन आतला जळका वायू धड बाहेर ढकलू शकत नाही. एक ठिणगी लागते, एक वाया जाते. न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) फिरतो त्या पेटीत, जमतं आणि प्लगच्या टोकावर काळा चिकट थर बसतो.

प्लगला स्वतःवरची काजळी जाळून टाकायला टोकाशी साधारण 450 अंश सेल्सिअसपर्यंत तापावं लागतं. आयडलिंगवर तो तितका तापत नाही. म्हणून अधूनमधून एक जोरदार रेस द्यायची, मागून धुराचा लोट निघायचा, आवाज 'टिंग टिंग' असा स्वच्छ व्हायचा आणि मगच माणूस निश्चिंत व्हायचा. ज्यांच्या खिशात कायम प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचा त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला रेस द्यावी लागते का?

नाही.

इंजिन किती तापलंय, हवा किती थंड आहे, सायलेन्सरमधून येणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरलाय, हे सगळं सेन्सर सांगतात आणि ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, पेट्रोलचं माप ठरवतो. सकाळी चालू केल्यावर ही गाडी स्वतःच फेरे थोडे चढवून ठेवते आणि तापल्यावर उतरवते. त्या वेळी तुम्ही दिलेली रेस म्हणजे स्वयंपाक उत्तम जमणाऱ्या माणसाच्या कढईत मध्येच हात घालणं आहे.

पण थांबता थांबताच जो गुर्रकन आवाज येतो, तोही दिखावाच ना?

इथे बऱ्याच चांगल्या चालवणाऱ्यांवर अन्याय होतो. गाडी सिग्नलजवळ येताना चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरते. खालच्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन जास्त जोरात फिरायला हवं. क्लच सोडण्याआधी मूठ किंचित पिळून फेरे वर आणले नाहीत, तर मागचं चाक हिसका खातं आणि ओल्या रस्त्यावर घसरूही शकतं. तो छोटा 'गुर्र' म्हणजे शिस्त आहे. हल्ली काही गाड्या हे काम आपोआप करतात, आणि स्लिपर क्लच हिसका सौम्य करतो.

ओळखायची खूण सोपी आहे: हा आवाज गाडी चालती असताना येतो, एकेका गिअरला एकदा येतो, आणि गाडी थांबली की संपतो.

सिग्नल सुटायच्या बेतात असताना रेस वाढवतात ते का?

निघताना इंजिन बंद पडू नये म्हणून. नवशिक्याला क्लच कुठे पकडतो याचा अंदाज नसतो, त्यामुळे तो मूठ आधी आणि जास्त पिळतो. दुसऱ्या टोकाला हजार सीसीच्या स्पोर्ट गाड्या. त्यांचा पहिला गिअर इतका लांब असतो की एकट्या त्याच गिअरमध्ये गाडी ताशी 140 किलोमीटरच्या पुढे जाते. एवढ्या लांब गिअरला जागेवरून हलवायला थोडे फेरे चढवावेच लागतात. 'थोडे' यावर जोर आहे. शर्यतीच्या रांगेत फेरे वर धरून ठेवतात, पण तिथे दिवा विझल्यावर पुढचे काही मीटरच सगळं ठरवणार असतात. चौकात तसं काही ठरत नसतं.

न्यूट्रल लागत नाही म्हणून रेस देतात, हे खरं का?

खरं. क्लच पूर्ण दाबूनही त्याच्या ऑइलमध्ये भिजलेल्या प्लेटा एकमेकींना थोड्या चिकटून राहतात, गिअरवर ताण राहतो आणि पहिला-दुसरा, पहिला-दुसरा असा खेळ होतो. एक हलकी रेस दिली की ताण क्षणभर सुटतो आणि पाय टेकवताच हिरवा दिवा लागतो. रोजच हे करावं लागत असेल तर क्लचची केबल तपासून घ्या.

रेस दिल्याने इंजिन थंड राहतं का?

उलटं होतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो तो गाडी पुढे जाते म्हणून. उभ्या गाडीत पेट्रोल जास्त जाळलं तर उष्णता वाढते, वारा तेवढाच, म्हणजे शून्य. पाण्याच्या गाडीत पंप जोरात फिरतो खरा, पण आतली आगही तेवढीच वाढलेली असते, आणि रेडिएटरचा पंखा तापमान पाहून चालू होतो, तुमची मूठ पाहून नाही. लांब थांबायचं असेल तर इंजिन बंद करणं हाच उपाय.

बॅटरी चार्ज व्हावी म्हणून?

आयडलिंगवर चार्जिंग कमी होतं हे बरोबर. पण मिनिटभराच्या थांब्यात चार रेस देऊन बॅटरीत पडणारी भर नगण्य असते.

"आवाज मोठा असला की जीव वाचतो," असं म्हणतात. त्यात किती तथ्य आहे?

हा युक्तिवाद मला अनेकदा ऐकवला गेला आहे, आणि तो पूर्ण खोटा आहे असं मी म्हणणार नाही. बाजूच्या लेनमधला चालक तुमच्यावर गाडी घालणार इतक्यात आवाजाने दचकून सावरला, असं घडू शकतं. पण त्यावर विसंबून राहणं मला पटत नाही.

मोटरसायकल अपघातांवरचा सर्वांत गाजलेला अभ्यास हॅरी हर्ट यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून केला आणि तो 1981 मध्ये आला. लॉस एंजेलिस परिसरातले 900 अपघात त्यांच्या चमूने प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले होते. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांशांत चूक दुसऱ्या चालकाची होती, त्याने मोटरसायकलचा हक्काचा रस्ता अडवला होता. इथपर्यंत आवाजवाल्यांची बाजू भक्कम वाटते. पण त्याच अभ्यासात पुढे असं दिसलं, की तीन चतुर्थांशाहून जास्त धोके सरळ समोरच्या रेषेच्या डाव्या-उजव्या 45 अंशांतून आले होते. सायलेन्सरचं तोंड मात्र मागे असतं. ज्याला सावध करायचं तो पुढून येतोय, आणि कानठळ्या बसतात त्या मागच्या माणसाच्या. त्यात खोल, घुमणारा आवाज नेमका कुठून येतो हे काचा बंद करून बसलेल्या चालकाला कळणं अवघडच.

उभं असताना धोका मागून येऊन धडकणाऱ्याचा असतो, हे मान्य. तिथे आवाजाचा उपयोग होईल असं वाटतं, पण ब्रेकचा दिवा दोन-तीनदा उघडझाप करणं, आरशात पाहत राहणं आणि मागचं वाहन थांबेपर्यंत पहिला गिअर टाकून क्लच दाबून तयार राहणं, हे जास्त कामाचं. न्यूट्रलमध्ये भूम्-भूम् करत बसलेल्याला ऐन वेळी बाजूला निसटता येत नाही.

आवाज नेमका किती होतो? त्याला काही मर्यादा आहेत का?

डेसिबलचं गणित फसवं असतं. 10 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस अशी, की 85 डेसिबल आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला ही मुदत निम्मी करावी. म्हणजे 88 ला चार तास, 94 ला एक तास, 100 ला जेमतेम 15 मिनिटं.

मोटरसायकलच्या आवाजासाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 41 आहे. त्याच्या चौथ्या सुधारित मालिकेत वजनाच्या मानाने ताकदवान गाड्यांसाठी चालत्या चाचणीची मर्यादा 77 डेसिबल आहे. मला त्याच नियमातली दुसरी चाचणी जास्त रंजक वाटते: गाडी उभी ठेवायची, सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर 45 अंशांत मायक्रोफोन लावायचा, फेरे ठरलेल्या आकड्यापर्यंत नेऊन धरायचे आणि मूठ झटकन सोडायची. थोडक्यात, उभ्या गाडीला रेस द्यायची! फक्त तिथे ती मोजमापासाठी देतात.

कंपनीचा सायलेन्सर काढून मोकळा पाइप लावला की हे सगळं मोजमाप बाद होतं.

मग मिरवण्यासाठी कोणी करतच नाही का?

करतात की! भरपूर करतात. दोन मित्र शेजारी थांबले की एक 'भूम्' करतो आणि दुसरा उत्तर देतो; हा नमस्कारच समजा. कोणी पाहतंय असं वाटलं की करतात, कोणी पाहत नाही असं वाटलं तरी करतात. काही जण घाबरल्यावर करतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मोठ्या ट्रकांच्या मध्ये अडकलेला माणूस मूठ पिळतो तो पाय हलवत बसणाऱ्यासारखा, अस्वस्थपणातून.

2023 मध्ये कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठातला एक अभ्यास बराच गाजला. 529 विद्यार्थ्यांना मोठ्या आवाजाच्या मोटारींबद्दल विचारलं होतं, आणि अशा मोटारींची ओढ पुरुषांत आणि निर्दयतेच्या, इतरांच्या त्रासात मजा घेण्याच्या कसोट्यांवर जास्त गुण मिळवणाऱ्यांत अधिक दिसली. तो वाचून अनेकांनी 'बघा, आम्ही म्हणत होतोच' असं म्हटलं. पण प्रश्न चारचाकीचे होते, उत्तरं कागदावरची होती आणि देणारे विद्यार्थी होते. त्यावरून चौकातल्या प्रत्येक बाइकवाल्याचं मन वाचायला जाऊ नये.

काही गाड्यांचा आवाज ऐकत राहावासा वाटतो. तो काय प्रकार?

व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन सिलेंडर. हार्ले-डेव्हिडसनच्या 45 अंशांच्या इंजिनात दोन्ही पिस्टन क्रँकच्या एकाच खिळीवर (क्रँकपिनवर) जोडलेले असतात, त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत. एकानंतर दुसरा 315 अंशांनी, मग पुन्हा पहिला 405 अंशांनी. ती लंगडी लय म्हणजेच त्या गाडीची ओळख. कंपनीने 1994 मध्ये या आवाजाचा ट्रेडमार्क मिळवण्यासाठी अर्ज केला होता, आणि विरोधाच्या कज्ज्यात सहा वर्षं काढून 2000 मध्ये तो मागे घेतला.

बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर, म्हणजे दोन बाजूंना आडवे सिलेंडर असलेल्या, इंजिनाची गंमत कानाला नाही, मांड्यांना कळते. त्याचा क्रँक गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो, म्हणून उभ्या उभ्या रेस दिली की अख्खी गाडी एका बाजूला झुकते आणि परत येते. जुन्या मॉडेलांत हे चांगलंच जाणवतं. पहिल्यांदा बसलेला माणूस चारदा तरी रेस देऊन पाहतोच. मीही दिली.

मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके का फुटतात?

मूठ बंद झाली की मिश्रण बिघडतं, काही पेट्रोल न जळता तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. पाइपच्या जोडात फट असेल तर बाहेरची हवा आत शिरून फटाके वाढतात. हल्ली काही जण ईसीयूची सेटिंग बदलून ते मुद्दाम करून घेतात. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची त्यात वाट लागते.

याने इंजिन खराब होतं का?

तापलेल्या इंजिनाला दिलेल्या हलक्या रेसने काही होत नाही. नुकसान दोन ठिकाणी आहे.

एक, थंड इंजिन. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरलेलं आणि दाट असतं. झडपा उघडणाऱ्या वरच्या कॅमपर्यंत ते पोचायला काही क्षण लागतात. पिस्टन आणि सिलेंडर अजून आपल्या ठरलेल्या मापाला फुगलेले नसतात. नेमकं त्याच वेळी मूठ पूर्ण पिळणं म्हणजे झोपेतून उठवून पळायला लावणं. सकाळी चालू करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि हळूहळू निघा. गाडी चालता चालता जास्त चांगली तापते.

दोन, फेऱ्यांची कमाल मर्यादा राखणाऱ्या लिमिटरला धडका देणं. पिस्टन दर फेऱ्यात वर जाऊन थांबतो आणि उलट फिरतो. त्याला थांबवण्याचा ताण कनेक्टिंग रॉडवर येतो आणि हा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. 3000 वरून 9000 वर गेलात तर फेरे तिप्पट, ताण नऊपट. लिमिटर इंजिनाला त्यापुढे जाऊ देत नाही, पण त्या टोकावर ताटकळत ठेवणं काही त्याचं काम नाही. म्हणून अनेक नव्या गाड्यांत न्यूट्रलमध्ये फेरे आधीच अडवलेले असतात.

गिअर नसलेल्या स्कूटरला किंवा इलेक्ट्रिक गाडीला उभ्या उभ्या मूठ पिळली तर?

इथे विनोद संपतो. स्कूटरमध्ये क्लच आपोआप लागतो, बहुधा तीन हजार फेऱ्यांच्या आसपास. त्याच्या वर गेलात की गाडी उडी मारते. ब्रेक दाबून धरला तर क्लचचे शू जळतात. इलेक्ट्रिक गाडीत तर मूठ म्हणजे सरळ 'चल' असा हुकूम, आणि आवाज नसल्याने ती चालू आहे हेही विसरायला होतं. वर्षानुवर्षं गिअरच्या गाडीवर रेस देत आलेल्या माणसाने पहिले काही दिवस थांबल्यावर हात मुठीवरून काढूनच ठेवावा.

मेकॅनिक तर गाडी उभी करूनच रेस देतो. तो काय ऐकतो?

टॅपेटची, म्हणजे झडपा दाबणाऱ्या भागांची, टिकटिक; कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ती टिकटिकही निम्म्या लयीत येते. टायमिंग चेन सैल असेल तर मूठ सोडताना खळखळते. बॅटरीला मीटर लावून तो रेस देतो तेव्हा मधल्या फेऱ्यांवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसतात का ते पाहतो. कान तयार असलेला माणूस दोन रेसमध्ये निदान करतो, म्हणून त्या वेळी त्याच्याशी बोलू नये.

माझी गाडी रेस दिली नाही तर खरंच बंद पडते. मी काय करू?

मग मनगटाला दोष नाही, गाडी दाखवा. आयडलिंगचा स्क्रू, एअर फिल्टर, प्लग, कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पायलट जेट, इंजेक्शनची असेल तर थ्रॉटल बॉडीवर बसलेली काजळी. टॅपेट फार घट्ट झाले तरी गाडी तापल्यावर आयडलिंग सोडते, आणि हे कारण सगळ्यात शेवटी आठवतं.

सवय लागली आहे. कशी सोडू?

थांबलात आणि मागचं वाहनही थांबलं की न्यूट्रल टाका आणि उजवा हात मांडीवर ठेवा. मला तीन आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात शेजारी एक जुनी टू-स्ट्रोक येऊन थांबली, तिने 'टिंग टिंग' केलं आणि माझा हात आपोआप मुठीवर गेला.